दाजी ॲम्प्लिफायर घेतात

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका कानानं तिखट आणि निर्णयानं मंद माणूस अख्ख्या उस्मानाबाद जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि होऊ नये अशी आई तुळजाभवानीच्या पायी माझी प्रार्थना आहे. एक होता तेवढ्यानंच माझ्या नोकरीतल्या दोन वर्षांच्या सगळ्या रजा, माझे दोन्ही खांदे आणि बहिणीच्या लग्नात आम्ही दिलेलं सागवानी फडताळ खर्ची पडलं. आम्ही त्यांना दाजी म्हणत असू. ते मुरूमच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते, पण डोळ्यांचा उपयोग त्यांनी रस्ता ओलांडण्यापलीकडं फारसा केला असेल असं मला वाटत नाही. जगात पाहण्यासारखं जे जे काही आहे ते दाजींच्या लेखी ऐकण्यासारखं होतं, आणि ऐकून झाल्यावर नावं ठेवण्यासारखं.

अक्काला बघायला आले तेव्हाची हकिगत आमच्या घरात अजून सांगतात. मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि नवरदेवानं गच्च डोळे मिटून घेतले. आमच्या वडिलांना वाटलं, याला घेरी आली. ते पाणी आणायला उठणार इतक्यात दाजी मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "काहीतरी वाचून दाखवायला सांगा." आमच्या घरात वाचण्याजोगं म्हणजे एक पंचांग. अक्कानं थरथरत्या आवाजात कार्तिक महिन्याचं पान वाचलं, मुहूर्तांसकट. दाजींनी डोळे उघडले, तिच्याकडं ओझरतं पाहिलं आणि आपल्या मामांना सांगितलं, "पसंत आहे. आवाजात खोट नाही." पाच मिनिटांत घेतलेला हा त्यांच्या आयुष्यातला पहिला आणि शेवटचा निर्णय. पुढं साधा पाण्याचा माठ घ्यायचा म्हटलं तरी आठवडी बाजारातल्या एकूण एक माठावर ते टिचक्या मारत बसत, आणि सूर्य डोक्यावरून ढळला की मोकळ्या हातानं घरी येत. "एकाचाही षड्ज धड नाही," असं अक्काला सांगत. षड्ज धड नसलेल्या माठात पाणी गार होतं की नाही हे विचारायची तिची हिंमत नव्हती. त्यांना लांबून येताना पाहिलं की मुरूमचा कुंभार माठांवर पोतं टाकून स्वतः त्यावर बसायचा.

शाळेची घंटा तडकली आहे असे तीन अर्ज त्यांनी हेडमास्तरांना दिले. हेडमास्तरांनी चष्मा लावून, चष्मा काढून, घंटा उन्हात धरून पाहिली. कुठं रेघ नाही, चीर नाही. चौथ्या अर्जावर त्यांनी दाजींना समज दिली. पुढं शिक्षणखात्याचे साहेब तपासणीला आले त्या दिवशी शिपायानं जरा जोरात टोला दिला आणि घंटेचे दोन तुकडे होऊन एक साहेबांच्या बुटापाशी पडला. सगळी शाळा हसली. दाजींनी मात्र डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, कुणाच्या मयताला आल्यासारखी. माझं स्वागतही ते माणसासारखं कधी करत नसत. मी उमरग्याला तहसील कचेरीत कारकून होतो, दर रविवारी अक्काकडं जेवायला जायचो. दाराशी पोचायच्या आतच आतून आवाज यायचा, "उजव्या चपलेची टाच गेलीय तुझी. शिवून घे, लंगडं ऐकू येतं."

अशा माणसाच्या घरी दोन मोठाले स्पीकर चालून आले, हा आमच्या नशिबाचा भाग. एका पावसाळ्याच्या तोंडी मुरूमात एक तंबू टॉकीजवाला उतरला होता, म्हणजे गावोगाव तंबू ठोकून बोलपट दाखवणारा. आठ दिवसांत वावटळीनं तंबू फाडला आणि मालक हिवतापानं अंथरुणाला खिळला. त्याला दाजींनी घरी आणून ठेवलं आणि अक्कानं पंधरा दिवस पेज पाजली. बरा होऊन जाताना त्यानं तंबूतले दोन स्पीकर दाजींच्या पायापाशी ठेवले. परातीएवढे गोल, मागं लोखंडी चुंबक, उचलताना कमरेत कळ यावी असे. दाजींनी त्यांच्या कागदी पडद्याला बोटाच्या टोकानं हात लावला आणि म्हणाले, "यांना घर पाहिजे." घर म्हणजे लाकडी पेटी. पेटीला जुनं, मुरलेलं सागवान पाहिजे. मुरलेलं सागवान म्हणजे आमच्या वडिलांनी अक्काला दिलेलं फडताळ. दोन रविवारांनी मी गेलो तर स्वयंपाकघरातल्या डब्यांची रांग भुईवर मांडलेली आणि ओसरीवर दोन चकचकीत पेट्या उभ्या. पेटी आतून घुमू नये म्हणून तिला कापसाचं अस्तर पाहिजे होतं. त्या दुपारी मी पाहुण्यांच्या गादीवर आडवा झालो आणि माझा डावा खांदा थेट फरशीला टेकला. "अर्धीच काढलीय," दाजी म्हणाले. "उजव्या कुशीवर झोप."

आता या पेट्यांना बोलतं करायला ॲम्प्लिफायर हवा होता. रेडिओचा किंवा माइकचा बारीक आवाज मोठा करून स्पीकरला पोचवणारं ते यंत्र. घरच्या रेडिओपुरता प्रश्न असता तर दाजींनी आयुष्यभर विचार केला असता आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मध्ये जत्रा आली.

मुरूमच्या जत्रेत सकाळच्या महापूजेला भीमण्णा सनई वाजवायचे. साठी ओलांडलेला, काटकुळा, बोलायला अगदी कमी माणूस. त्यांच्या सनईवर दाजींचा एवढा जीव की बाकी अकरा महिने पंचांगात ते जत्रेचा दिवस शोधत असत. त्या वर्षी पंचांनी हौसेनं उमरग्याहून भाड्याचा लाउडस्पीकर आणला. निंबाच्या झाडावर कर्णा बांधला, भीमण्णांच्या तोंडापुढं माइक धरला, आणि कर्ण्यातून जे काही बाहेर पडलं ते ऐकून पोरंटोरं पोट धरून हसायला लागली. पाच पैशाची पिपाणी पाण्यात बुडवून वाजवावी तसा आवाज. भीमण्णांना स्वतःला काय ऐकू जातंय ते कळेना, ते डोळे मिटून वाजवत राहिले. दाजी गर्दीतून उठले आणि घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसले. त्या दिवशी पुरणपोळीचं ताट त्यांनी तसंच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पंचांकडं जाऊन त्यांनी सांगितलं, "यंत्र गावाचं स्वतःचं घ्या. पेट्या मी देतो. ॲम्प्लिफायर मी निवडतो." गावात वीज नुकतीच आली होती, म्हणजे येत होती आणि जात होती, त्यामुळं पंचांनाही हुरूप होता. थोरले पंच म्हणाले, "मास्तर, तुमच्यावर सोपवलं. पुढच्या जत्रेला झालं पाहिजे." त्या भल्या माणसाला वाटलं, वर्ष पुष्कळ झालं.

पहिली फेरी सोलापूरची. यंत्र निवडायला नेहमीची पेटी हाताशी पाहिजे, परक्या स्पीकरवर ऐकणं म्हणजे परक्याच्या चष्म्यातून बघणं, असं दाजींचं म्हणणं. तेव्हा एक पेटी बरोबर. ती एस.टी.च्या टपावर टाकायला त्यांची तयारी नाही, कारण खड्ड्यात कागदी पडदा फाटेल. तेव्हा ती माझ्या मांडीवर. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय ह्या पेटीत?"

"आवाज," दाजी म्हणाले.

"एवढा जड असतोय व्हय आवाज? मग लगेजचं तिकीट काढा त्याचं."

पेटीपलीकडं मला फक्त खिडकीची वरची दांडी दिसत होती. त्या दांडीकडं बघत मी मुरूमपासून सोलापूरपर्यंत गेलो. दाजींच्या मांडीवर एक पिशवी होती आणि पिशवीत काय आहे ते मला दुकानात पोचल्यावर कळलं. पितळेचा तांब्या, एक सूप आणि शेरभर ज्वारी.

दाजींच्या परीक्षेचे तीन पेपर होते. पहिल्यात मी माइकपुढं तांब्यावर चमच्यानं टोला द्यायचा आणि दाजींनी दुकानाबाहेर, रस्त्याकडं तोंड करून ऐकायचं. पितळ पितळेसारखं वाजलं पाहिजे. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यासारखं वाजलं की यंत्र नापास. दुसऱ्यात मी ज्वारी सुपात ओतायची. दाणा दाण्यासारखा पडला पाहिजे, वाळूसारखा नाही. तिसरा पेपर माझ्या तोंडचा. "मी उमरग्याचा, अक्काचा भाऊ" एवढं वाक्य मी माइकपुढं म्हणायचं आणि ते मीच म्हणतोय असं दाजींना पटलं पाहिजे. पहिल्या यंत्रावर मी वाक्य म्हटलं आणि रस्त्यावरून दाजींचा आवाज आला, "हा तू नव्हेस. हा तुझा तहसीलदार आहे." दुसरं यंत्र नाकातून बोलत होतं. तिसऱ्याला सर्दी. चौथ्याला सगळ्यात गूळ घालायची खोड, "ज्याला त्याला गोड करतंय, लबाड आहे." पाचवं बरं होतं, पण वरच्या सुराला त्याचा घसा धरत होता. दुपारपर्यंत दुकानापुढं चाळीसेक माणसं जमली. त्यांना वाटलं काही औषध विकताहेत. दुकानदार शेठ सभ्य होता, पण सातव्या यंत्राला त्यानंही हात जोडले. "मास्तर, तुम्हाला भांडीच बघायची असतील तर शेजारी कासाराचं दुकान हाय."

"तुमच्या एकाही यंत्राला पितळ कळत नाही," दाजी म्हणाले, आणि माझ्या मांडीवर पेटी पुन्हा चढली.

सोलापूरच्या अशा चार फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला मला रजा पाहिजे आणि कारण खरं सांगायची सोय नव्हती. मी आजारी मावश्या वापरल्या. चौथ्या अर्जावर साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "तुमच्या आजोबांना मुली किती?" मग मी आत्यांकडं वळलो. दरम्यान जत्रा तोंडावर आली, पंचांनी पुन्हा उमरग्याचा कर्णा ठरवला. दाजींनी शप्पथ घातली की भीमण्णांच्या जवळपास माइक आणायचा नाही. त्या वर्षी भीमण्णांनी नुसतीच सनई वाजवली. पण जत्रा आता फुगली होती, पाळणे आले होते, रसवाल्यांची घुंगरं, मेवामिठाईवाल्यांची ओरड. सनई पहिल्या चार रांगांपलीकडं गेलीच नाही. वाजवून झाल्यावर भीमण्णा पायरीवर धापा टाकत बसले होते. दाजी त्यांच्यापुढं उकिडवे बसले.

"भीमण्णा, पुढच्या साली बघा. तुम्ही नुसतं फुंकर घातल्यासारखं वाजवा, गावकुसापर्यंत ऐकू जाईल. जसंच्या तसं."

भीमण्णा हसले. समोरचे दोन दात पडले होते त्यांचे. "लवकर करा मास्तर. छातीत दम ऱ्हायला न्हाय आता."

हे वाक्य ऐकून दुसरा कुणीही माणूस पुढच्या सोमवारी जाऊन मिळेल ते यंत्र घेऊन आला असता. दाजी आणखी चिकित्सक झाले. आता हैदराबाद सुरू झालं. तिथं एका मोठ्या दुकानात पगडीवाले, सुरमा घातलेले एक वयस्कर मियाँ होते. त्यांनी आम्हाला चहा पाजला, तांब्याला कौतुकानं हात लावला, सुपातली ज्वारी स्वतः पाखडून पाहिली, आणि बाराव्या यंत्रानंतर अतिशय अदबीनं विचारलं, "मास्टरसाब, बुरा नक्को मानो. आप लेने कू आए, या नै बोलने कू आए?"

मी हसलो. हसायला नको होतं. परतीच्या गाडीत दाजींनी तांब्या-सुपाची पिशवीही माझ्याच मांडीवर दिली.

घरात अक्काचे हाल निराळेच. आडावर बायका विचारायच्या, "काय गं, मिळाला का तुझ्या मालकाला आवाज?" एक म्हणाली, गावाचं यंत्र घ्यायला निघालेला माणूस दर महिन्याला सोलापूर-हैदराबाद करतोय, तिकडं काही दुसरंच तर नाही ना? अक्का तशी सोशिक. फडताळ गेलं, गादी गेली, तांब्या महिन्यातून चार दिवस दौऱ्यावर असायचा, तरी तिनं कधी शब्द काढला नव्हता. त्या रविवारी मात्र ताट वाढता वाढता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतील."

माझं त्यांनी त्या एका वाक्याच्या परीक्षेपलीकडं कधी काही ऐकलं नव्हतं. पण बहिणीचे डोळे पाहून माझा तोल गेला. बहिणीच्या नवऱ्याला उलटून बोलायची आमच्याकडं रीत नाही. मी बोललो. "दाजी, तुम्हाला यंत्र नकोच आहे. तुम्हाला नाही म्हणायचं सुख पाहिजे. तिकडं एक म्हातारा दम सांभाळत वाट बघतोय, आणि तुम्ही तांब्या बडवत फिरताय. उद्या तो गेला तर कुणाची सनई ऐकवणार गावाला?"

दाजींचा घास हातात राहिला. मग त्यांनी तो ताटात ठेवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आणखी एकदा चल. एकच."

ती शेवटची फेरी हैदराबादच्या जुन्या बाजाराची. भंगारवाल्यांच्या ओळीत एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक बसायचा. त्यानं लष्कराच्या मोडीतल्या सामानातून स्वतःसाठी म्हणून एक ॲम्प्लिफायर बांधला होता. ना रंग ना झाकण. उघड्या पत्र्यावर काचेचे सहा व्हॉल्व्ह आणि दगडासारखा एक ट्रान्सफॉर्मर. मी उपाशीपोटी, चिडून, तांब्यावर असा टोला हाणला की चमचा वाकला. बाहेरून काही आवाज आला नाही. मी ज्वारी ओतली. काही नाही. मी वाक्य म्हटलं. तरी काही नाही. बाहेर जाऊन बघतो तर दाजी भर बाजारात हातगाड्यांच्या मध्ये डोळे मिटून उभे, आणि गालावर पाणी.

"हे खोटं बोलत नाही," ते म्हणाले. "तू किती वैतागलायस तेसुद्धा ऐकू आलं."

मला इतका आनंद झाला की ते मणभर लोखंड मी स्वतःहून मांडीवर घेतलं.

जत्रेला चार दिवस होते. देवळाच्या पटांगणात दाजींनी सगळं मांडलं. एक पेटी लोकांकडं तोंड करून, आणि दुसरी थोडी लांब, वाजवणाऱ्याकडं तोंड करून. "वाजवणाऱ्याला आपण काय वाजवतोय ते ऐकू यायला नको? त्या खेपेला तो कर्णा त्यांची टर उडवत होता आणि त्यांना पत्ताच नव्हता." आधी माइकनं अशी शिट्टी घातली की पलीकडच्या गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. मग पेटी हातभर सरकवली आणि शिट्टी थांबली. भीमण्णा धुतलेलं धोतर नेसून आले होते. त्यांनी सनईच्या तोंडाची पत्ती ओठात ओली केली, सनई वर उचलली आणि अगदी सहज एक लांब सूर लावला.

मला गाण्यातलं काही कळत नाही. पण पारावर पत्ते खेळत बसलेल्यांच्या हातातले पत्ते तसेच राहिले, एवढं मी पाहिलं. पेटीतून सनई येतच नव्हती. सनई पटांगणभर नुसती होती. थोरल्या पंचांनी डोक्याला हात लावून मला खूण केली, म्हणजे कमालच झाली. दाजी तुळशीवृंदावनापाशी उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी त्यापूर्वी कधीही न पाहिलेली गोष्ट होती. त्यांना नावं ठेवायला काही सापडत नव्हतं.

तेवढ्यात सनई थांबली. भीमण्णा त्यांच्याकडं तोंड केलेल्या पेटीकडं बघत होते.

"मास्तर, मागं ते सूं सूं वाजतंय ते कशाचं?"

दाजी उत्साहानं पुढं गेले. "श्वास आहे तुमचा! ओठाच्या कोपऱ्यातून जरा हवा निसटते ना, तीसुद्धा टिपतंय बघा. असं यंत्र सोलापुरात नाही."

"व्हय का," भीमण्णा म्हणाले. त्यांनी पुन्हा सनई लावली, एक जलद तान घेतली, आणि मध्येच सोडली. "आन् बोटं मागं पडत्यात का माझी?"

"थोडी," दाजी म्हणाले. "अगदी थोडी." त्यांना आवाजाविषयी विचारलं होतं, आणि आवाजाविषयी ते खरं तेच सांगत.

भीमण्णांनी पत्ती काढली, पुसली, छोट्या डबीत ठेवली. सनई फडक्यात गुंडाळली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "लई चांगलं यंत्र आणलंय मास्तर तुमी. इतकी वर्सं आमाला कुनी सांगितलंच न्हाय. लोक चांगलं म्हनायचे, आमी वाजवायचो." ते उठले. "ह्या साली दुसऱ्या कुनाला तरी सांगा. म्या येईन ऐकायला."

आणि गेले. पंचांना काय झालं ते नीट कळलंही नाही. ते यंत्राभोवती जमून व्हॉल्व्हचा उजेड बघत होते. मी दाजींकडं पाहिलं. दोन वर्षं मी या माणसावर दात-ओठ खात आलो होतो. त्या क्षणी मला वाटलं, यानं आणखी दहा यंत्रं नाकारली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी यंत्र ओसरीवर घेतलं, डाख द्यायची सळई तापवली आणि आत एक कंडेन्सर डकवला. मला वायरींतलं काही समजत नव्हतं, म्हणून विचारलं, काय करताय? "बारीक आवाज खातो हा," ते म्हणाले. मग त्यांनी दोन्ही पेट्यांच्या तोंडांवर आतून अक्काच्या जुन्या लुगड्याचे दोन पदर ठोकले. मग मला माइकपुढं बसवून वाक्य म्हणायला लावलं आणि स्वतः परसात जाऊन ऐकलं. परत आले तेव्हा चेहरा ओढलेला होता.

"कसा वाटलो?" मी विचारलं.

"गोड," ते म्हणाले. तंबाखू समजून चुना खाल्ल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

आम्ही भीमण्णांच्या घरी गेलो. ते अंगणात बाजेवर बसले होते. दाजी उभ्या उभ्याच बोलायला लागले, पाठ केलेलं म्हणावं तसं. "भीमण्णा, माझी चूक झाली. हैदराबादच्या माणसानं फसवलं. एक व्हॉल्व्ह तडकलेला निघाला. ती सूं सूं त्याची होती. बदलला आज."

भीमण्णा त्यांच्याकडं बघत राहिले. "आन् बोटं मागं पडत व्हती ती?"

दाजींनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "ती पण व्हॉल्व्हचीच."

मी अंगणातल्या कोंबड्यांकडं बघू लागलो. भीमण्णांनी बाजेची सैल दोरी ओढून घट्ट केली. मग म्हणाले, "बरं. व्हॉल्व्हचं असंल तर येतो."

जत्रेच्या सकाळी दोन्ही पेट्यांची तोंडं लोकांकडं होती. भीमण्णांनी विचारलं नाही, दाजींनी सांगितलं नाही. सनई पाळण्यांच्या पलीकडं, बैलबाजारापर्यंत गेली. दमाची गळती नाही, बोटांची चूक नाही. सगळं मऊ, साखरेच्या पाकातून काढल्यासारखं. लोक हात जोडून ऐकत होते. म्हातारा हलके हलके वाजवत होता, धाप न लागता, आणि शेवटी शेवटी त्यानं डोळे मिटले. दाजी गर्दीच्या अगदी मागं उभे होते. मला वाटलं आता निघून जातील. पण गेले नाहीत. आरतीपर्यंत उभे राहिले.

महापूजा आटोपल्यावर भीमण्णांनी मला बाजूला बोलावलं. "तुमच्या दाजींस्नी खोटं बोलायला येत न्हाय," ते म्हणाले. "कान लाल व्हत्यात त्यांचे." आणि हसले. "त्यांस्नी सांगू नका."

मी सांगितलं नाही. भीमण्णा त्यानंतर आणखी तीन जत्रा वाजवून गेले. चौथ्या जत्रेच्या आधी महिनाभर झोपेत गेले. जत्रेला आता कुणी दुसरा चांगला, ताज्या दमाचा वाजवणारा आला. थोरले पंच दाजींना म्हणाले, "मास्तर, आता ते यंत्र पहिल्या दिवशीसारखं करा की. काय वाजलं होतं ते!" करायचं म्हणजे दहा मिनिटांचं काम होतं. एक कंडेन्सर काढायचा आणि लुगड्याचे खिळे उपटायचे. दाजी बरं म्हणाले. दर वर्षी बरं म्हणत राहिले. मी बदलून तुळजापूरला गेलो तोवर ते काम झालेलं नव्हतं. निघायच्या आदल्या रविवारी जेवणं झाल्यावर मीच ती डाख द्यायची सळई शोधून आणली आणि म्हटलं, द्या, मी धरतो पेटी, तुम्ही करा.

दाजींनी पेटीच्या सागवानावरून पंजा फिरवला. बाहेर ऊन होतं, रस्त्यानं एक बैलगाडी चालली होती आणि ते तिच्या चाकाकडं कान देत होते.

"राहू दे रे," ते म्हणाले. "आता खरं करून कुणाचं ऐकायचं?"